थंडीत इलेक्ट्रिक कारने लांबचा प्रवास: ४८९ किलोमीटरची गाडी १५५ वर का येते?

नाताळची सुट्टी जवळ आली की फॅमिली ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो, "या वेळी ईव्ही घेऊन जायचं का?" मग ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक जण गाडीच्या जाहिरातीतला रेंजचा आकडा टाकतो आणि म्हणतो, दोन चार्जमध्ये आरामात पोहोचू. दुसरा लगेच अमेरिकेतल्या बर्फात बंद पडलेल्या टेस्लांचा व्हिडिओ फॉरवर्ड करतो.

गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात. जाहिरातीतला आकडा खरोखर मोजलेला असतो आणि व्हिडिओही खरा असतो. पण तुमच्या प्रवासाला दोन्हींपैकी काय लागू पडतं, हे तुम्ही कुठे निघालात आणि रात्री कुठे थांबणार आहात यावर ठरतं. समृद्धी महामार्गाने नागपूरला जाणाऱ्याची अडचण वेगळी, मनालीला जाणाऱ्याची वेगळी.

म्हणून आधी थोडं गणित करू. घाबरू नका, ते लाइट बिलाएवढंच सोपं आहे.

आकडा आक्रसतो कुठे?

इलेक्ट्रिक कारची बॅटरी किलोवॉट-तासांत मोजतात. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं एक युनिट. या लेखात आपण युनिटच म्हणू.

उदाहरणासाठी ४५ युनिटांच्या बॅटरीची गाडी घेऊ. टाटा नेक्सॉन ईव्हीचं मोठ्या बॅटरीचं मॉडेल एवढ्याच क्षमतेचं आहे आणि त्याची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर आहे. ही रेंज ज्या चाचणीतून येते तिला एमआयडीसी म्हणतात (औद्योगिक वसाहतीशी संबंध नाही). ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिच्यात गाडी बराच वेळ शहरातल्या संथ वेगाने चालते आणि कमाल वेग ९० किलोमीटरपर्यंतच जातो. तिथे समोरून येणारा वारा नसतो, घाट नसतो, मागच्या सीटवर आजी-आजोबा नसतात आणि डिकीत लोणच्याच्या बरण्याही नसतात. कंपनीनेही प्रत्यक्ष रस्त्यावर ३५० ते ३७० किलोमीटर मिळतील असं सांगितलं होतं. म्हणजे पहिले सव्वाशे किलोमीटर तर कंपनीच्याच हिशेबात गेले.

पुढची कपात महामार्गावर होते. ताशी १०० च्या वेगाने चालवली तर अशा गाडीला १०० किलोमीटरसाठी ढोबळमानाने १६ युनिट लागतात असं धरू. ताशी १२० केलं तर हाच आकडा २० च्या घरात जातो.

तिसरी कपात बहुतेक लोक विसरतात. लांबच्या प्रवासात तुम्ही बॅटरी शंभरावरून शून्यावर आणत नाही. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग खूप मंदावतो, म्हणून गन काढून पुढे निघणंच शहाणपणाचं असतं. आणि पुढचा चार्जर बंद निघाला तर काय, या विचाराने खाली किमान १० टक्के तरी राखून ठेवावे लागतात. म्हणजे वाटेतल्या दोन चार्जिंगच्या मधे तुमच्या हातात बॅटरीचे ७० टक्केच येतात. ४५ युनिटांपैकी ३१ धरा.

आता भागाकार करा. ताशी १०० च्या वेगाने ३१ युनिटांत १९० ते १९५ किलोमीटर. ताशी १२० ने १५५ किलोमीटर. अजून थंडीचं नावही काढलेलं नाही.

फक्त पहिला टप्पा याला अपवाद असतो. रात्रभर घरी चार्ज करून १०० टक्क्यांनी निघालात तर १० टक्के राखूनही ४० युनिट वापरता येतात. त्यात ताशी १०० ने २५० किलोमीटर होतात. हा अपवाद लक्षात ठेवा, पुढे सगळा डाव त्याच्यावरच आहे.

थंडी नेमकं काय खाते?

पेट्रोल-डिझेलचं इंजिन हे खरं तर चाकं लावलेली शेगडी आहे. इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून वाया जातो आणि हिवाळ्यात त्यातलीच थोडी उष्णता आपण केबिनमध्ये घेतो. ती फुकट असते. इलेक्ट्रिक मोटर जवळपास काहीच वाया घालवत नाही, त्यामुळे केबिन गरम करायचं तर त्यासाठी बॅटरीतूनच वीज काढावी लागते. म्हणजे मोटरची कार्यक्षमताच इथे अंगाशी येते.

ही वीज किती लागते? कडाक्याच्या थंडीत साधा हीटर तासाला तीन-चार युनिट सहज ओढतो. काही गाड्यांत 'हीट पंप' असतो. तो उलट्या दिशेने चालवलेल्या एसीसारखा बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो आणि तेवढ्याच उबेसाठी निम्मी किंवा त्याहून कमी वीज घेतो. ईव्ही घेऊन थंड प्रदेशात वारंवार जाणार असाल तर शोरूममध्ये सनरूफच्या आधी हीट पंपाबद्दल विचारा.

अमेरिकेतल्या 'एएए' या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी घेतली होती. उणे ७ अंशांच्या आसपास, हीटर बंद ठेवून, रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली. हीटर लावल्यावर मात्र ती घट ४१ टक्क्यांवर गेली. गाड्या आताच्या मानाने जुन्या होत्या, आकडे आज थोडे सुधारले असतील. पण मुद्दा तोच राहतो: नुकसानीचा मोठा वाटा बॅटरी गारठल्याचा नसून आपल्याला थंडी वाजते याचा आहे.

हीटरची आणखी एक खोड आहे. तो किलोमीटरवर चालत नाही, घड्याळावर चालतो. मोकळ्या रस्त्यावर तासाला ८० किलोमीटर कापले तर तीन युनिटांचं ओझं ८० किलोमीटरवर वाटलं जातं. घाटात किंवा जाममध्ये तासाला २० किलोमीटरच झाले तर तेच तीन युनिट २० किलोमीटरच्या डोक्यावर बसतात. डोंगरात गाडीने दाखवलेली रेंज झपझप उतरते, त्यामागे हेही एक कारण असतं.

बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत, पण साचतात. उणे १० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते, त्यामुळे गाडीला तेवढा जास्त वारा कापावा लागतो. टायरमधली हवा थंडीने आक्रसते, दर सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय. सखल प्रदेशातून डोंगरात गेलात की पहिल्याच सकाळी गाडी हलवण्याआधी हवा तपासा.

बॅटरीचं काय? लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक प्रक्रिया थंडीत मंदावते. गोठणबिंदूच्या खाली तिला जोरात चार्ज केलं तर आत लिथियमचा धातू साचून तिचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ते होऊ नये म्हणून गाडीची यंत्रणा स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. भारतातल्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये एलएफपी प्रकारच्या बॅटरी आहेत. उष्णतेत त्या सुरक्षित आणि टिकाऊ, म्हणून आपल्याकडे योग्यच. पण थंडीत याच बॅटरी जास्त कुरकुरतात. शिवाय त्यांच्यात नेमका किती चार्ज उरलाय याचा अंदाज गाडीलाही पटकन लागत नाही. म्हणून निघण्याआधी एकदा पूर्ण १०० टक्के चार्ज करून घ्यावं, म्हणजे टक्केवारीचा काटा जागेवर येतो.

मग नॉर्वेवाले कसे फिरतात?

थंडीत ईव्ही चालतच नाही, असं म्हणणाऱ्यांपुढे नॉर्वे हा प्रश्न उभा राहतो. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या कारपैकी जवळपास नऊ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. आणि तिथला हिवाळा म्हणजे आपल्या महाबळेश्वरचा गारवा नव्हे.

तिथली 'एनएएफ' ही वाहनचालक संघटना २०२० पासून खऱ्या रस्त्यांवर गाड्या पूर्ण संपेपर्यंत चालवून बघते. पहिल्या हिवाळी चाचणीत २० गाड्या होत्या. शून्याच्या आसपासच्या तापमानात प्रमाणित रेंजपेक्षा सरासरी १८.५ टक्के घट दिसली. सगळ्यात चांगल्या गाडीची घट ९ टक्के, सगळ्यात वाईट गाडीची जवळपास ३० टक्के. २०२६ च्या जानेवारीतल्या चाचणीत पारा उणे ३० च्याही खाली गेला, तेव्हा ९६० किलोमीटरची प्रमाणित रेंज असलेली ल्युसिड एअर ५२० किलोमीटरवर थांबली. घट ४६ टक्के, तरीही त्या दिवशी सगळ्यात लांब गेलेली गाडी तीच.

म्हणजे नॉर्वेतल्या गाड्यांनाही थंडी वाजतेच. फरक बाहेरच्या व्यवस्थेत आहे. बहुतेक लोक रात्री घरी गाडी प्लगला लावतात. मुख्य रस्त्यांवर दर ५० किलोमीटरला फास्ट चार्जर हवेत, असं सरकारने २०१५ मध्येच ठरवून त्यासाठी पैसे दिले. आणि हिवाळ्यात गाडी प्लगला लावून ठेवायची सवय तिकडे पेट्रोल-डिझेलच्या काळापासून आहे, कारण गारठलेलं इंजिन सकाळी सुरू व्हावं म्हणून त्याला विजेचा हीटर लावावा लागायचा. थंडी डिझेललाही सोडत नाही. आपल्याकडे लडाखमध्ये साधं डिझेल गोठायचं म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिथे खास हिवाळी डिझेल आणलं.

उलट उदाहरण शिकागोचं. जानेवारी २०२४ मध्ये तिथे कडाक्याची थंडी पडली आणि चार्जिंग स्टेशनांवर टेस्लांच्या रांगा लागल्या. काही गाड्या रांगेतच संपल्या. तेच ते व्हिडिओ. त्यात नेमकं काय घडलं होतं? ज्यांच्या घरी चार्जिंग नव्हतं असे अनेक जण पूर्णपणे सार्वजनिक चार्जरवर अवलंबून होते. गारठलेली, जवळपास रिकामी बॅटरी घेऊन ते आले. चार्जरवर पोहोचण्याआधी बॅटरी गरम करून घेण्याची सोय टेस्लात आहे, ती अनेकांनी वापरली नव्हती. मग प्रत्येक गाडीला दुप्पट-तिप्पट वेळ लागला, रांग वाढली आणि रांगेत उभ्या असलेल्यांचे हीटर चालूच होते. काही चार्जरही बंद पडले होते.

एकाच थंडीत एक देश निवांत आणि दुसरीकडचं एक शहर हैराण, याचं उत्तर गाडीत कमी आणि रात्रीच्या प्लगमध्ये जास्त आहे.

महाराष्ट्रात थंडीला घाबरायचं का?

थोडक्यात, नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की बातमी होते, पण त्याच दिवशी दुपारी २५-२६ अंश असतात. सकाळी तासभर हीटर लागला तरी फार बिघडत नाही. उलट एएएच्या त्याच चाचणीत ३५ अंशांत एसी लावून रेंज १७ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे मे महिन्यात चंद्रपूरला जाण्यापेक्षा डिसेंबरात जाणं ईव्हीला कितीतरी सोपं. आपल्याकडचा हिवाळा हा ईव्हीचा सुगीचा काळ म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रातल्या हिवाळी प्रवासाचे खरे शत्रू दोन: वेग आणि रांग.

समृद्धी महामार्ग घ्या. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारला वेगमर्यादा १२०. रस्ता मोकळा, पाय आपोआप दाबला जातो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो.

आपल्या ४५ युनिटांच्या गाडीने आमणे ते नागपूर जायचंय. ताशी १२० ने गेलात तर चाकं फिरण्याचा वेळ ५ तास ५० मिनिटं आणि एकूण वीज १४० युनिट. घरून भरून आणलेले ४० वजा केले तर वाटेत १०० युनिट भरावे लागतील, चार थांबे घेऊन. ताशी १०० ने गेलात तर वेळ सात तास, वीज ११२ युनिट, वाटेत ७२ युनिट, तीन थांबे, त्यातला शेवटचा अगदी छोटा. चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला ४० मिनिटं धरली, तर १२० वाल्याची चार्जिंगची बेरीज सव्वादोन तासांच्या आसपास जाते आणि १०० वाल्याची दीड तासाच्या.

म्हणजे रस्त्यावर कमावलेली ७० मिनिटं चार्जरवर निम्मी होतात. १२० वाला तरीही अर्ध्या तासाने पुढेच असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याला चार्जरचा एक जुगार जास्त खेळावा लागतो. त्या एका थांब्यावर आपल्या आधी एकच गाडी नुकती लागलेली असेल तर कमावलेलं सगळं तिथेच जातं. (इगतपुरीचा चढ या हिशेबात धरलेला नाही. तो तीन-चार युनिट आणखी घेतो.)

आणि सुट्टीच्या दिवसांत एक गाडी आधी असतेच. गेल्या डिसेंबरात पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात चार्जिंगला थांबलो. ॲपवर दोन्ही गन मोकळ्या दिसत होत्या. प्रत्यक्षात एकीसमोर पेट्रोलवर चालणारी गाडी लावून कुटुंब आत जेवायला बसलं होतं, आणि दुसरी गन लावली की स्क्रीनवर एरर. वेटरने माईकवरून दोनदा गाडीचा नंबर पुकारला तेव्हा वीस मिनिटांनी जागा झाली. ॲपवरचा 'अव्हेलेबल' म्हणजे यंत्राला वीज आहे एवढंच.

म्हणून चार्जर निवडताना एकच गन असलेला ढाबा टाळा आणि तीन-चार गन एकत्र असलेली जागा धरा, मग ती दहा किलोमीटर आधी का असेना. प्लगशेअरसारख्या ॲपवर कोणी शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी केलं ते बघा. दोन महिन्यांत कोणाचीच नोंद नसेल तर तो चार्जर नाहीच असं समजून पुढचं ठरवा. समृद्धीवर तर आणखी एक अडचण आहे. इंटरचेंजशिवाय खाली उतरता येत नाही, त्यामुळे नकाशावर पाच किलोमीटरवर दिसणारा चार्जर प्रत्यक्षात वीस-पंचवीस किलोमीटरचा वळसा ठरू शकतो. जाण्याची वेळही सांभाळा: सुट्टीच्या आदल्या रात्री सगळं मुंबई-पुणे निघतं, तेव्हा एक दिवस उशिरा पहाटे निघालेला माणूस बरेचदा आधी जेवायला पोहोचतो.

मनालीला जाताना गणित कसं बदलतं?

पुण्याहून मनाली साधारण दोन हजार किलोमीटर. चार दिवस हाताशी ठेवून हौसेने तिथवर गाडी चालवत जाणारे आहेत, आणि दिल्ली किंवा चंदीगडहून ईव्ही भाड्याने घेणारेही. हिमाचल सरकारने २०२३ मध्ये ईव्हीसाठी सहा हरित मार्ग जाहीर केले, त्यात मनालीचा रस्ताही आहे. त्यामुळे चार्जर दिसायला लागले आहेत. तरी इथे अंतर फसवतं.

मंडी ते मनाली फक्त ११० किलोमीटर. सपाटीवरच्या सवयीने १४-१५ युनिटांत काम व्हावं. पण मंडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, मनाली २,०५० वर. माणसं-सामानासह दोन टनांची गाडी एक हजार मीटर वर उचलायला साडेपाच युनिट लागतात. हे शाळेतल्या भौतिकशास्त्राचं गणित आहे, त्यात कोणती कंपनी काही करू शकत नाही. मधली गळती धरून या चढाचे झाले साडेसात युनिट. साडेतीन तासांच्या प्रवासात हीटरचे सात. बेरीज ३० च्या घरात, म्हणजे दुप्पट. मंडीहून पूर्ण भरून निघालात तर मनालीत एक तृतीयांश बॅटरी उरेल. ८० टक्क्यांवर निघालात तर पोहोचाल, पण हातात सहाच युनिट असतील, आणि बाहेर शून्याखालची रात्र.

पुढे बर्फ बघायला अटल बोगद्याकडे जायचं तर आणखी २५ किलोमीटर आणि आणखी एक हजार मीटर चढ. एवढ्याशा अंतराला हीटर धरून दहा-बारा युनिट.

म्हणून अशा प्रवासाची आखणी मी उलटीकडून करायला सांगतो. आधी रात्री कुठे झोपायचं ते ठरवा, मग दिवसाचे टप्पे. रात्रीचं चार्जिंग तीन कामं एकदम करतं: सकाळी १०० टक्के मिळतात, चार्ज होत असल्याने बॅटरी अगदी गारठत नाही, आणि निघण्याआधी गाडी प्लगवर असतानाच ॲपवरून केबिन गरम करून घेता येते. ती वीज हॉटेलची, तुमच्या बॅटरीतली नाही.

हॉटेलवाल्याला फक्त "ईव्ही चार्जिंग आहे का?" असं विचारू नका, उत्तर 'हो जी'च येणार. तीन गोष्टी विचारा. पार्किंगजवळ १५ अँपिअरचा सॉकेट आहे का, म्हणजे गिझरला असतो तसला मोठा? त्याला अर्थिंग नीट आहे का? आणि शक्य असेल तर सॉकेटचा फोटो पाठवाल का? अर्थिंग नसेल तर गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून सरळ नकार देतो. मग रात्री अकरा वाजता इलेक्ट्रिशियन कुठून आणणार? सगळं ठीक असेल तर असा सॉकेट तासाला जवळपास तीन युनिट देतो, दहा तासांत ३० च्या आसपास. डोंगरात हिवाळ्यात घरोघरी हीटर लागलेले असल्याने व्होल्टेज पडतं, तेव्हा २५ च धरा. गुंडाळलेला पातळ एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका, ती वायर तापते आणि आगीची भीती असते. विजेचे वेगळे पैसे आधीच ठरवून टाका, वाद राहत नाही.

रात्री प्लग मिळणारच नसेल तर फास्ट चार्जरचं काम संध्याकाळी पोहोचतानाच उरका, दिवसभर चालून बॅटरी गरम असते तेव्हा. "सकाळी निघताना भरू" म्हणून ठेवलंत तर रात्रभर उघड्यावर गारठलेली बॅटरी त्याच चार्जरवर बराच जास्त वेळ घेईल. बॅटरी गरम ठेवण्याची सोय आपल्या गाडीत आहे की नाही, हे निघण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा. सगळ्या गाड्यांत ती नसते.

आणि गाडीत ब्लँकेट ठेवा. भारतात 'व्हेंटिलेटेड' सीटची मोठी जाहिरात होते, पण त्या गार करतात, गरम करणाऱ्या सीट आपल्याकडे दुर्मीळ आहेत. पायावर घरची गोधडी घेऊन हीटर २४ वरून १८-१९ वर आणलात तर जी वीज वाचते, तिच्यात वाटेवरचा एखादा थांबा टळू शकतो.

बर्फात अडकलो तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या दोन दिवस आधी सोलंग आणि अटल बोगद्यादरम्यान बर्फ पडला आणि सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांना शेकडो पर्यटकांना बाहेर काढावं लागलं.

अशा वेळी ईव्ही आधी संपेल अशी सगळ्यांना भीती वाटते. हिशेब करू. उभ्या गाडीत बेताची ऊब टिकवायला तासाला दीड-दोन युनिट लागतात. २० युनिट शिल्लक असतील तर दहा तास निघतात, आणि मोटर उभ्या गाडीत काहीच खात नाही. शिवाय एक धोका ईव्हीत नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक लोकांचा जीव गेला. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं आणि इंजिन चालू राहिलं की कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, त्याला वास नसतो. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत बसलेल्यांनी अशा वेळी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढत राहणं आणि काच थोडी उघडी ठेवणं जिवापेक्षा मोठं नाही.

पण हे दहा तास २० युनिट असतील तरच. पाच युनिट घेऊन बर्फ बघायला वर गेलेल्याला अडीच तास मिळतील. म्हणून मनालीहून वर जायचं तर निम्म्याहून कमी बॅटरीवर निघूच नये, आणि हवामान खात्याचा इशारा असेल तर भरलेल्या बॅटरीनेही जाऊ नये. बर्फ पडल्यावर पोलीस अनेकदा फक्त फोर-बाय-फोर गाड्या किंवा साखळ्या लावलेली चाकं पुढे सोडतात. आपल्याकडच्या बहुतेक ईव्हींची दोनच चाकं ओढतात. बॅटरीच्या वजनाने गाडी घसरत नाही असं कोणी सांगत असेल तर त्याने बर्फावर ब्रेक लावून पाहिलेला नसावा.

परतीला मात्र डोंगर थोडं परत देतो. उतारावर ब्रेकऐवजी मोटरच गाडी रोखते आणि उलटी वीज बॅटरीत भरते, ज्याला रीजन म्हणतात. मनाली ते मंडी उतरताना चढाला गेलेल्या विजेतली निम्मी तरी अशी हाती लागते. अट एवढीच की बॅटरीत जागा हवी. १०० टक्के भरलेली किंवा रात्रभर गारठलेली बॅटरी ही वीज घेत नाही, आणि नेहमीच्या सवयीने पाय उचलल्यावर गाडी रोखली जात नाही, तेव्हा पहिल्याच वळणावर दचकायला होतं. मनालीहून निघताना ८५-९० टक्क्यांवर प्लग काढा. पहाटे रस्त्यावर पातळ बर्फ दिसला तर रीजन सगळ्यात कमी पातळीवर ठेवा, नाहीतर पाय उचलताच ओढणारी चाकं घसरू शकतात. ऊन वर येऊन रस्ता कोरडा झाला की पुन्हा वाढवा. मंडीला पोहोचेपर्यंत काटा किती कमी उतरला ते बघून चहा घ्यायला थांबाल, चार्जिंगला थांबायची गरज बहुतेक पडणार नाही.